अंतिम नसलेल्या आदेशाविरुद्धचे अपील : एकोणिसाव्या शतकातील उच्च न्यायालयांची भूमिका आणि रखमाबाई खटल्याचा धडा

१. प्रस्तावना

न्यायालयात दाखल झालेल्या दाव्यात निकाल लागेपर्यंत अनेक आदेश होतात. प्रतिवादीला समन्स काढले जाते, कैफियत दाखल करण्यास मुदत दिली जाते किंवा नाकारली जाते, वादपत्रात दुरुस्ती करू दिली जाते, एखादा दस्तऐवज पुराव्यात घेतला जातो, तात्पुरता मनाई हुकूम दिला जातो, क्वचित मिळकतीवर रिसीव्हर नेमला जातो. यांपैकी कोणत्याही आदेशाने दावा संपत नाही. पक्षकारांचे हक्क शेवटी हुकूमनाम्याने ठरतात. म्हणून अशा आदेशांना 'वादकालीन आदेश' असे म्हटले जाते.

परंतु आदेश अंतिम नाही म्हणून त्याचा परिणामही तात्पुरताच असतो, असे मात्र नाही. काही आदेश असे असतात की त्यानंतर दावा चालतो खरा, पण लढण्यासारखे फारसे काही उरत नाही. अशा आदेशाविरुद्ध लगेच वरच्या न्यायालयात दाद मागता यावी, की संपूर्ण दावा निकाली निघेपर्यंत पक्षकाराने थांबावे, हा प्रश्न १८६२ मध्ये उच्च न्यायालये स्थापन झाली तेव्हापासून भारतीय न्यायव्यवस्थेपुढे उभा आहे. त्या काळी उच्च न्यायालयांनी अनेक अपिले 'हा आदेश अंतिम स्वरूपाचा नाही' एवढ्याच कारणावरून फेटाळली. त्यामागील तर्क समजून घेणे, त्याच्या मर्यादा पाहणे आणि महाराष्ट्रात सुपरिचित असलेल्या रखमाबाई खटल्याच्या आधारे त्याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेख कायद्याच्या अभ्यासकांपुरता मर्यादित नसून इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र इत्यादी विषयांच्या अध्यापकांनाही उपयोगी पडावा, या दृष्टीने पारिभाषिक शब्दांचे स्पष्टीकरण शक्य तेथे दिले आहे.

२. प्रश्नाचे स्वरूप : एक उदाहरण

विषय स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. राहुरी तालुक्यातील दोन भावांची सामाईक विहीर आहे. वाटणीनंतर थोरल्याने धाकट्याची पाण्याची पाळी बंद केली. धाकट्याने दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत पाळीप्रमाणे पाणी घेऊ द्यावे, असा तात्पुरता मनाई हुकूम मागितला. न्यायालयाने तो अर्ज नामंजूर केला. दावा मात्र चालूच आहे.

कागदोपत्री धाकट्याचा कोणताही हक्क गेलेला नाही. चार वर्षांनी निकाल त्याच्या बाजूने लागू शकतो. परंतु शेतात उभा असलेला ऊस चार वर्षे थांबत नाही. उन्हाळ्यातील दोन महिने पाणी मिळाले नाही तर पीक जळते, सोसायटीचे कर्ज थकते, आणि पुढे मिळणारा हुकूमनामा झालेल्या हानीची पूर्ण भरपाई करू शकत नाही. म्हणूनच आजच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, म्हणजे १९०८ च्या संहितेतील आदेश ४३ मध्ये, तात्पुरत्या मनाई हुकुमाच्या अर्जावरील आदेशाविरुद्ध अपिलाची तरतूद आहे.

आता याच दाव्यात दुसरा आदेश झाला असे समजू. थोरल्याने विहिरीच्या जुन्या खर्चाची वही हजर केली, धाकट्याने हरकत घेतली आणि न्यायालयाने हरकत फेटाळून ती वही पुराव्यात घेतली. या आदेशाविरुद्ध अपील नाही. अंतिम निकाल धाकट्याच्या विरुद्ध गेलाच, तर त्यावरील अपिलात 'ती वही पुराव्यात घेणे चूक होते' असा मुद्दा त्याला मांडता येतो. संहितेच्या कलम १०५ ने हा मार्ग खुला ठेवला आहे.

दोन्ही आदेश वादकालीनच आहेत. मग एकाविरुद्ध अपील आहे आणि दुसऱ्याविरुद्ध नाही, हा भेद कशावर आधारलेला आहे? या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकात हळूहळू घडत गेले.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश संसदेच्या १८६१ च्या कायद्यान्वये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे उच्च न्यायालये स्थापन करण्याचा निर्णय झाला. मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झाले. त्यापूर्वी मुंबई शहरासाठी सुप्रीम कोर्ट आणि मुफसलातील अपिलांसाठी सदर दिवाणी अदालत व सदर फौजदारी अदालत, अशी दुहेरी रचना होती. नव्या उच्च न्यायालयात या दोन्ही परंपरा एकत्र आल्या. शहरातील मोठे दावे उच्च न्यायालयातील एक न्यायाधीश प्रथमच चालवीत. त्याला 'मूळ शाखा' असे म्हणत. जिल्ह्यांतून येणारी अपिले 'अपील शाखे'कडे जात.

उच्च न्यायालयांचे अधिकार 'लेटर्स पेटंट' या राजसनदेने ठरविले होते. १८६५ च्या सुधारित सनदेतील तीन कलमे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. कलम १५ प्रमाणे उच्च न्यायालयातील एका न्यायाधीशाच्या 'जजमेंट'विरुद्ध त्याच न्यायालयाच्या अपील पीठाकडे अपील करता येत असे. कलम ३९ प्रमाणे उच्च न्यायालयाच्या अंतिम निर्णयाविरुद्ध लंडन येथील प्रिव्ही कौन्सिलकडे अपील करता येई. मात्र त्यासाठी वादविषयाचे मूल्य किमान १०,००० रुपये असावे, अथवा प्रकरण अपिलास योग्य असल्याचे उच्च न्यायालयाने प्रमाणित करावे, अशी अट होती. कलम ४० प्रमाणे प्राथमिक किंवा वादकालीन निर्णयाविरुद्धही प्रिव्ही कौन्सिलकडे जाता येत असे, परंतु तशी परवानगी देणे सर्वस्वी उच्च न्यायालयाच्या विवेकाधीन होते.

याच्या जोडीला १८५९ ची दिवाणी प्रक्रिया संहिता होती. तिच्या कलम ३६३ ने असा सर्वसाधारण नियम घातला की, दाव्याच्या ओघात हुकूमनाम्यापूर्वी झालेल्या आदेशांविरुद्ध अपील नाही. मात्र हुकूमनाम्याविरुद्ध अपील झाल्यास, वादाच्या गुणदोषांवर अथवा न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रावर परिणाम करणारी त्या आदेशातील चूक अपिलाचे कारण म्हणून मांडता येईल. पुढे १८७७ व १८८२ च्या संहितांनी कलम ५८८ मध्ये अपीलयोग्य आदेशांची यादीच दिली. आजचे कलम १०४ व आदेश ४३ हे त्याच यादीचे वारस होत.

४. 'जजमेंट' म्हणजे काय? : १८७२ चा निर्णय

सनदेतील कलम १५ मध्ये 'जजमेंट' हा शब्द होता, पण त्याची व्याख्या नव्हती. न्यायाधीशाने केलेला प्रत्येक आदेश हा 'जजमेंट' मानला, तर मुदतवाढीच्या आदेशाविरुद्धही अपील करता आले असते. केवळ अंतिम हुकूमनामा म्हणजे 'जजमेंट' मानले, तर अपरिवर्तनीय हानी करणाऱ्या आदेशापुढे पक्षकार हतबल झाला असता.

मद्रास उच्च न्यायालयाने १८६८ मध्ये डिसूझा विरुद्ध कोल्स या प्रकरणात या शब्दाला विस्तृत अर्थ दिला. त्याउलट कलकत्ता उच्च न्यायालयाने १८७२ मध्ये 'जस्टिसेस ऑफ द पीस फॉर कलकत्ता विरुद्ध ओरिएंटल गॅस कंपनी' या प्रकरणात मर्यादित अर्थ स्वीकारला. कलकत्ता शहराचा नागरी कारभार त्या काळी 'जस्टिसेस ऑफ द पीस' या मंडळाकडे होता. गॅस कंपनीच्या अर्जावरून एका न्यायाधीशाने या मंडळाविरुद्ध परमादेश, म्हणजे 'मँडॅमस', काढण्याचा आदेश दिला. मंडळाने त्याविरुद्ध अपील केले. ते चालण्यायोग्य नाही असा निर्णय अपील पीठाने दिला.

निर्णय देणारे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड कौच हे मुंबईला अपरिचित नव्हते. १८६६ ते १८७० या काळात ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावरील आरोपांची १८७५ मध्ये चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष म्हणूनही त्यांचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात येते. कौच यांनी केलेल्या व्याख्येचा आशय असा की, पक्षकारांमधील एखादा हक्क किंवा दायित्व निश्चित करून वादाच्या गुणदोषांवर परिणाम करणारा निर्णय म्हणजे 'जजमेंट'. असा निर्णय अंतिम असू शकतो, प्राथमिक असू शकतो किंवा वादकालीनही असू शकतो.

या व्याख्येचे दोन भाग लक्षात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, केवळ वादकालीन असल्यामुळे आदेश अपिलाच्या कक्षेबाहेर जात नाही. दुसरा असा की, आदेशाने हक्क किंवा दायित्व 'निश्चित' झाले पाहिजे. परमादेश काढण्याच्या आदेशाने मंडळाचे दायित्व अद्याप निश्चित झाले नव्हते, म्हणून अपील फेटाळले गेले. अपिलातील मुद्दा बरोबर की चूक याचा येथे विचारच झाला नाही. 'वेळ अजून आलेली नाही' एवढेच न्यायालयाने सांगितले. अपील गुणदोषांवर फेटाळणे आणि ते चालण्यायोग्य नाही म्हणून फेटाळणे यांतील हा फरक वृत्तपत्रीय लेखनात पुष्कळदा पुसला जातो. अध्यापनात तो आवर्जून सांगावयास हवा.

मुंबई उच्च न्यायालयानेही १८७२ मधील सोनबाई विरुद्ध अहमदभाई हबीबभाई या प्रकरणात कौच यांच्यासारखीच दृष्टी स्वीकारली. मुंबईतील पुढील निर्णयांवर या दृष्टीचा ठसा दीर्घकाळ राहिला. प्रिव्ही कौन्सिलने १८८२ मध्ये हरिश्चंद्र चौधरी विरुद्ध काली सुंदरी देवी या प्रकरणात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. उच्च न्यायालयातील एका न्यायाधीशाकडून त्याच न्यायालयाच्या पीठाकडे होणाऱ्या अपिलाला संहितेतील कलम ५८८ ची यादी आड येत नाही, असे मत तिने व्यक्त केले. त्यामुळे 'जजमेंट' या शब्दाचा अर्थ लावण्याची जबाबदारी पुन्हा न्यायाधीशांवरच आली.

५. रखमाबाई खटला : एका आदेशाचे दोन चेहरे

दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला सामाजिक सुधारणेच्या इतिहासात सर्वांना ठाऊक आहे. प्रक्रियेच्या दृष्टीने मात्र त्याकडे फारसे पाहिले जात नाही.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. त्या सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिल्या, शिकल्या आणि पतीच्या घरी नांदण्यास गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. पतीची उदरनिर्वाहाची असमर्थता, त्याची प्रकृती आणि तो ज्यांच्या आश्रयाने राहत होता त्या घरातील वातावरण ही कारणे रखमाबाईंनी बचावात मांडली.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी प्रतिवादीचा बचाव ऐकण्याचीही गरज न मानता दावा फेटाळला. त्यांच्या मते 'पुनःस्थापना' ही सहजीवन सुरू होऊन खंडित झाले असेल तरच मागता येते. जे कधी सुरूच झाले नाही त्याची पुनःस्थापना होऊ शकत नाही. दावा फेटाळणारा हा निर्णय निःसंशय अंतिम स्वरूपाचा होता, त्यामुळे कलम १५ खाली दादाजींना अपिलाचा सरळ मार्ग मिळाला.

मार्च १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांच्या पीठाने पिन्ही यांचा निर्णय फिरविला. पूर्वी सहजीवन झालेले नसले तरी असा दावा हिंदू पतीला लावता येतो, असे ठरवून त्यांनी प्रकरण गुणदोषांवर निर्णय करण्यासाठी परत पाठविले.

हा आदेश कोणत्या वर्गात बसतो? रूप पाहिले तर तो अंतिम नाही. त्याने रखमाबाईंना पतीकडे जाण्यास सांगितले नव्हते. दावा जिवंत होता, बचावाचे पुरावे अद्याप यायचे होते आणि निकाल कोणाच्याही बाजूने लागू शकत होता. आशय पाहिला तर चित्र निराळे दिसते. ज्या एका प्रश्नावर रखमाबाईंची संपूर्ण भिस्त होती, म्हणजे संमती नसलेल्या बालविवाहातील स्त्रीला असा दावा लागू होतो काय, तो प्रश्न त्यांच्या विरुद्ध कायमचा सुटला होता. फेरसुनावणी करणारा न्यायाधीश त्या निर्णयाने बांधला गेला. उरलेले बचाव त्या काळच्या कायद्यात दुबळे होते.

तसेच घडले. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंनी एका महिन्याच्या आत पतीकडे जावे, असा हुकूम दिला. न पाळल्यास १८८२ च्या संहितेप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकत होता. कारावास पत्करण्याची आपली तयारी असल्याचे रखमाबाईंनी जाहीर केले. या निर्धाराची चर्चा इंग्लंडपर्यंत पोहोचली. अखेरीस जुलै १८८८ मध्ये दादाजींना २,००० रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या, १८९४ मध्ये पदवी घेऊन परतल्या व सुरत आणि राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला, त्यामागील वातावरण तयार होण्यात या खटल्याचा मोठा वाटा होता. पुनःस्थापनेच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतून कारावासाची तरतूद १९२३ मध्ये वगळण्यात आली.

प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने निर्णायक दिवस १८८७ चा नसून मार्च १८८६ चा आहे. त्या दिवशीचा आदेश 'अंतिम नसलेला' होता, आणि तरीही रखमाबाईंच्या दृष्टीने सर्वांत अंतिम होता. अशा आदेशाविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलचे दार हक्काने उघडत नव्हते. कलम ३९ ला अंतिम निर्णय हवा होता व त्यातही वादविषयाचे मूल्य अथवा न्यायालयाचे प्रमाणपत्र हवे होते. स्त्रीच्या स्वातंत्र्याला रुपयांत मूल्य लावता येत नाही. उरला कलम ४० चा विवेकाधीन मार्ग. तो ज्या न्यायालयाने आदेश दिला त्याच न्यायालयाच्या मर्जीवर अवलंबून होता.

६. 'अंतिम' या शब्दाचा पुनर्विचार : १८९० आणि १८९४

रखमाबाई खटल्यानंतर अल्पावधीतच हाच प्रश्न मुंबईच्या एका व्यापारी दाव्यातून प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. रहीमभाई हबीबभाई विरुद्ध टर्नर या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने प्रतिवादी हिशेब देण्यास जबाबदार आहे असे ठरवून हिशेब घेण्याचा हुकूम केला होता. १८८२ च्या संहितेतील कलम ५९५ प्रमाणे प्रिव्ही कौन्सिलकडील अपिलासाठी 'अंतिम हुकूमनामा' आवश्यक होता. हिशेब अद्याप व्हायचा होता, म्हणून हुकूमनामा अंतिम नाही अशी भूमिका उच्च न्यायालयाने घेतली.

प्रिव्ही कौन्सिलने १८९० मध्ये ही भूमिका अमान्य केली. प्रतिवादीने जबाबदारीच नाकारली होती. ती आहे की नाही हाच खरा वाद होता आणि तो संपला होता. रक्कम किती निघते हा त्यानंतरचा, आनुषंगिक भाग होता. म्हणून रूपाने अपूर्ण वाटणारा हा हुकूमनामा परिणामाने अंतिम ठरला. १८९४ मध्ये सय्यद मुजहर हुसेन विरुद्ध बोधा बीबी या अलाहाबादच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने हेच तत्त्व पुढे नेले. उच्च न्यायालयाने वादाचा मध्यवर्ती प्रश्न निकाली काढून दावा उर्वरित बाबींसाठी परत पाठविला असला, तरी तो निर्णय अंतिमच मानावा, असे तिने ठरविले.

ही कसोटी १८८६ च्या आदेशाला लावून पाहिली तर काय दिसते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. मध्यवर्ती प्रश्न सुटला आहे, प्रकरण परत गेले आहे आणि पुढील निर्णय त्या उत्तरावर उभा राहणार आहे, हे तिन्ही घटक तेथे होते. त्याचबरोबर एक फरकही मान्य केला पाहिजे. हिशेबाच्या दाव्यात जबाबदारी ठरल्यावर केवळ रक्कम उरते. रखमाबाईंच्या दाव्यात दावा लावण्याचा हक्क ठरला होता, पण तत्त्वतः बचाव शिल्लक होते. हा फरक किती खरा आणि किती औपचारिक मानायचा, यावर उत्तर अवलंबून राहील. लेखकाच्या मते तो बऱ्याच अंशी औपचारिक होता.

इंग्लंडमध्येही याच सुमारास दोन कसोट्या पुढे आल्या. १८९१ च्या सालामन विरुद्ध वॉर्नर या प्रकरणाने, अर्जाचा निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी वाद संपणार असेल तरच आदेश अंतिम, असे मानले. १९०३ च्या बोझसन प्रकरणाने, प्रत्यक्ष झालेल्या आदेशाने पक्षकारांचे हक्क संपुष्टात आले काय, एवढेच पाहिले. म्हणजे गोंधळ केवळ वसाहतीतील न्यायालयांचा नव्हता. तो प्रश्नाच्या स्वरूपातच होता.

७. दुसरी बाजू : अपील नाकारण्याची कारणे

येथवरच्या विवेचनावरून अपिलावरील निर्बंध अन्यायकारकच होते, असा समज होऊ नये. प्रत्येक वादकालीन आदेशाविरुद्ध अपील दिले तर दावा पुढे सरकणार नाही. ज्याच्याकडे पैसा व वेळ आहे, तो प्रतिपक्षाला अपिलांतच दमवू शकतो. शिवाय पुष्कळ वादकालीन आदेश अंतिम निकालानंतर निरर्थक ठरतात. ज्याच्याविरुद्ध आदेश गेला तोच शेवटी जिंकला तर तक्रारच उरत नाही.

या विचाराचे एक ठळक उदाहरण आपल्याच भागात सापडते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला व तो अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो प्रारंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. अहमदनगरचा (आजच्या अहिल्यानगरचा) तालुका असलेले राहुरीही त्यात आले. या कायद्याच्या दुसऱ्या प्रकरणाखालील लहान रकमांच्या दाव्यांत अपिलाचा हक्कच काढून घेण्यात आला. त्याऐवजी खालच्या न्यायालयांचे कागद मागवून तपासण्याचा अधिकार जिल्हा न्यायाधीश व विशेष न्यायाधीश यांना देण्यात आला. महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले आणि १८९३ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

अपील काढून टाकणे ही येथे कर्जदाराच्या हिताची गोष्ट मानली गेली. सावकार अपिलाचा खर्च सोसू शकत होता. कुणब्याला तो परवडत नव्हता. मात्र अपील काढताना कायद्याने तपासणीची पर्यायी व्यवस्था उभी केली, हे महत्त्वाचे आहे. म्हणजे अपिलाचा मार्ग बंद करावयाचा असेल तर चूक दुरुस्त करण्याचा दुसरा कोणता तरी मार्ग उघडा असावा, हे तत्त्व १८७९ च्या या स्थानिक प्रयोगात दिसते.

८. विसाव्या व एकविसाव्या शतकातील वाटचाल

मद्रास उच्च न्यायालयाने १९१० मध्ये तुळजाराम राव विरुद्ध अळगप्पा चेट्टियार या प्रकरणात आदेशाच्या रूपाऐवजी परिणामाकडे पाहण्याची कसोटी मांडली. कलकत्ता-मुंबई व मद्रास यांच्या दृष्टींतील तफावत पुढेही राहिली. तिचा उलगडा सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये शहा बाबूलाल खिमजी विरुद्ध जयाबेन कानिया या मुंबईच्या प्रकरणात केला. रिसीव्हर व मनाई हुकुमाचा अर्ज एका न्यायाधीशाने फेटाळला होता आणि त्यावरील अपील चालण्यायोग्य नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या पीठाने ते फेटाळले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते अपील चालण्यायोग्य ठरविले. 'जजमेंट' अंतिम, प्राथमिक किंवा मध्यवर्ती टप्प्यावरचे असू शकते. वादकालीन आदेशाने पक्षकाराच्या मौल्यवान हक्कावर प्रत्यक्ष व गंभीर परिणाम होत असेल तर तोही 'जजमेंट' ठरतो. केवळ गैरसोय किंवा नैमित्तिक नुकसान पुरेसे नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

फौजदारी कायद्यातही हाच वाद उपस्थित झाला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९७(२) ने वादकालीन आदेशांविरुद्धचे पुनरीक्षण बंद केले. १९७७ मध्ये मधू लिमये विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंतिम व वादकालीन यांच्यामध्ये एक तिसरा वर्ग मान्य केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४३८(२) मध्ये हा निर्बंध कायम आहे.

दिवाणी क्षेत्रात कल मार्ग अरुंद करण्याकडे आहे. १ जुलै २००२ पासून कलम ११५ खालील पुनरीक्षणाचा अधिकार बराच मर्यादित झाला; त्यामुळे पुष्कळ पक्षकार संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयाकडे जातात. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालयांच्या कायद्याने कलम १३ मध्ये आदेशांविरुद्धची अपिले ठरावीक यादीपुरती मर्यादित केली. अधिकारक्षेत्राचा प्रश्न प्रथम सोडविण्यास भाग पाडणारे कलम ९-अ महाराष्ट्राने १९७७ मध्ये संहितेत घातले होते. त्यामुळे प्राथमिक मुद्द्यावरच दावे रेंगाळत असल्याचा अनुभव आल्यावर २०१८ मध्ये ते वगळण्यात आले.

अध्यापकवर्गाच्या परिचयाचे एक क्षेत्रही येथे नमूद करावेसे वाटते. विभागीय चौकशीत आरोपपत्र मिळताच त्याला न्यायालयात आव्हान देण्याकडे कल असतो. कुनिसेट्टी सत्यनारायण प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले की, केवळ आरोपपत्राने कोणाचाही हक्क बाधित होत नाही, म्हणून सर्वसाधारणपणे त्याविरुद्ध रिट अर्ज चालणार नाही. कलकत्त्याच्या मंडळाला १८७२ मध्ये मिळालेले उत्तर आणि हे उत्तर यांत तत्त्वतः फारसे अंतर नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) एकोणिसाव्या शतकातील उच्च न्यायालयांनी अंतिम नसलेल्या आदेशांविरुद्धची अपिले फेटाळली ती प्रामुख्याने विलंब व छळ टाळण्यासाठी. हा हेतू आजही योग्य आहे.

(२) 'अंतिम' आणि 'वादकालीन' हा भेद आदेशाच्या नावावरून किंवा दावा चालू आहे की नाही यावरून ठरविणे पुरेसे नाही. आदेशाने वादाचा गाभा निकाली काढला काय आणि झालेली हानी अंतिम निकालाने भरून निघेल काय, हे दोन प्रश्न विचारावे लागतात.

(३) रखमाबाई खटल्यातील १८८६ चा आदेश हे दाखवितो की, रूपाने अपूर्ण असलेला आदेश माणसाच्या आयुष्यावर पूर्ण परिणाम करू शकतो. रहीमभाईंच्या हिशेबाच्या दाव्यात चार वर्षांनी जी दृष्टी मान्य झाली, तिची गरज एका स्त्रीच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नात त्याहून अधिक होती.

(४) अपिलाचा मार्ग बंद करताना दुरुस्तीचा पर्यायी मार्ग खुला ठेवणे आवश्यक आहे. १८७९ च्या कायद्यातील तपासणीची व्यवस्था हे त्याचे जुने, आपल्या जिल्ह्यातील उदाहरण होय.

प्रक्रियेचा कायदा हा रुक्ष व तांत्रिक विषय समजला जातो आणि सामाजिक इतिहासाच्या अध्यापनात त्याला सहसा स्थान मिळत नाही. रखमाबाईंचा खटला शिकविताना १८८५ चा निर्णय, १८८६ चा आदेश व १८८७ चा हुकूम हे तीन टप्पे स्वतंत्रपणे मांडले, तर विद्यार्थ्यांना हे उमगेल की हक्क कोणता आहे याइतकेच तो कोणत्या टप्प्यावर मागता येतो, हेही महत्त्वाचे असते. राहुरीच्या विहिरीवरील पाण्याची पाळी असो वा मुंबईतील एका विवाहितेचे स्वातंत्र्य असो, निकालाची वाट पाहण्याचा काळ हा न्यायाचाच भाग आहे, आणि त्या काळात होणाऱ्या हानीची दखल न्यायव्यवस्थेला घ्यावीच लागते.